पोर्क-मशरूमच्या पॅनमध्ये दर वेळी पाणी सुटतं? आधी पाणी कुणाचं ते बघा

गेल्या पावसाळ्यात सलग चार बुधवारी माझ्या पॅनमध्ये एकच प्रकार झाला. बुधवारी बायकोची कामावर दुसरी पाळी असते, त्यामुळे वसईला लोकलमधून उतरलो की रात्रीचं जेवण माझ्याकडे. मोबाइलवर पाहिलेली कृती अगदी सोपी होती. पोर्कचे पातळ काप, मशरूम, कांदा, लसूण, मिरी, सगळं एकाच पॅनमध्ये आणि वीस मिनिटांत ताट वाढायचं. त्या व्हिडिओत मांस तांबूस-खरपूस दिसत होतं. माझ्याकडे बोटभर राखाडी पाणी, त्यात चिवट तुकडे आणि बुळबुळीत मशरूम. तिसऱ्या बुधवारी आईने पॅनमध्ये डोकावून विचारलं, "अरे, पाणी घातलंस का तू?"

"नाही गं आई, एक थेंब नाही."

"मग ही पेज कसली?"

तिथून मी हे प्रकरण मनावर घेतलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, दर आठवड्याला एकेक गोष्ट बदलून पाहिली, आणि आता गेले कित्येक महिने ही पेज झालेली नाही. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

पॅन आत्ता गॅसवर असेल तर

बाकीचं नंतर वाचा. आच मोठी ठेवून सगळं तसंच आटवत बसू नका, तेवढ्या वेळात मांसाचं चामडं होतं. झाऱ्याने मांस आणि मशरूम एका ताटलीत उचला, पाणी पॅनमध्येच राहू द्या. आता फक्त पाणी आटवा. ते चमचा-दोन चमचे उरेल आणि दाटसर, तपकिरी होईल, तेव्हा थोडी चरबी किंवा तेल घाला, मशरूम आधी परतून घ्या आणि मांस अगदी शेवटी, पूर्ण शिजेपर्यंतच. खरपूसपणा येणार नाही, पण चव पॅनमध्येच राहील. ते पाणी मोरीत ओतलंत तर निम्मी चव त्याच्याबरोबर गेली.

फारच पाणी असेल आणि पोटात कावळे ओरडत असतील तर हट्ट सोडा. त्यात चिरलेला टोमॅटो आणि चमचाभर मसाला टाका, त्याला रस्सा म्हणा आणि पाव बुडवून खा. आमच्याकडे दोनदा असंच झालं आणि कोणी तक्रार केली नाही.

पाणी येतं कुठून

मशरूमच्या पाकिटातला माल दिसायला कोरडा असतो, पण साध्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. २०० ग्रॅमच्या पाकिटात १८० ग्रॅमहून जास्त पाणी. मी एकदा एक पाकीट नुसतं परतून परत तोललं, तेव्हा ११० ग्रॅम भरलं. म्हणजे ९० ग्रॅम पाणी पॅनमध्ये उतरून वाफ होऊन गेलं होतं. चरबी नसलेल्या पोर्कमध्येही पाऊण हिस्सा पाणी असतं आणि शिजताना त्यातलं बरंच बाहेर येतं. ४०० ग्रॅम मांस आणि दोन पाकिटं मशरूम एकदम टाकली की चहाचे दोन कप तरी पाणी आपण स्वतःच्या हाताने पॅनमध्ये घालतो, फक्त ते दिसत नाही.

आता हे पाणी जायला वेळ का लागतो? पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याची वाफ करायला लागते. आणि पॅनमध्ये पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. मांसाला तांबूस रंग आणि तो भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंश तरी हवेत. म्हणजे पाण्यात असलेलं मांस कितीही वेळ ठेवलं तरी उकडणार, भाजणार नाही. माझे चारही बुधवार याच हिशेबात गेले.

कुणाचं पाणी ते ओळखायला सोपं आहे. मांसाचं पाणी गढूळ, राखाडी असतं आणि कडेला फेस धरतं, कारण त्यात प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने साखळतात. मशरूमचं पाणी चहाच्या रंगाचं आणि बऱ्यापैकी स्वच्छ असतं. मशरूम टाकायच्या आधीच पॅनमध्ये राखाडी डबकं झालं असेल तर उगाच मशरूमला दोष देऊ नका.

कान लावूनही कळतं. मांस पडल्यावर आधी चर्र असा कोरडा, उंच आवाज येतो. पाणी सुटायला लागलं की तो खाली बसतो आणि बुडबुड होते, भाताला उकळी आल्यासारखी. मला हल्ली पॅनकडे पाठ करून कांदा चिरत असतानाही ते कळतं. आवाज बसला की वळायचं आणि दोन-चार तुकडे बाहेर काढायचे, आवाज परत चढतो.

मांसाचं पाणी: माझी चूक फ्रीजरमध्ये होती

डुकराचं मटण आम्ही रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून येताना आणतो. बुधवारसाठीचं अर्धा किलो मी जसंच्या तसं, पिशवीत गोळा करून फ्रीजरमध्ये टाकायचो. बुधवारी घरी आलो की तो दगड नळाखालच्या पातेल्यात, आणि वीस मिनिटांनी अर्धवट सुटलेले, निथळणारे तुकडे थेट पॅनमध्ये. घरच्या फ्रीजरमध्ये जाड गोळा सावकाश गोठतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांसाचे धागे फाडतात. मग वितळताना जे लालसर पाणी निघतं ते परत आत जात नाही. वर तुकड्याच्या पोटात अजून बर्फ, म्हणजे पॅन गार करायला तेही आहेच.

आता मी रविवारीच काप करतो. मांस अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवलं की कडक होतं आणि सुरी नीट चालते. धाग्यांना आडवे, साधारण अर्धी पेर जाडीचे काप करायचे. अगदी कागदासारखे पातळ नकोत, ते रंग येण्याआधीच शिजून कडक होतात. हे काप पिशवीत सपाट पसरून गोठवतो, पिशवी वहीसारखी चपटी. ती लवकर गोठते आणि लवकर सुटतेही. मंगळवारी रात्री झोपताना ती फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये, ताटलीवर. बुधवारी जे पाणी सुटलं असेल ते टाकून द्यायचं आणि काप सुती फडक्याने किंवा कागदी नॅपकिनने नीट टिपायचे. नीट म्हणजे फडकं दोनदा बदलून, आणि ते फडकं लगेच धुवायला. हे एकच केलं तरी निम्मं काम झालं असं माझा अनुभव सांगतो.

दुसरी सवय मोडायला जड गेली. आपल्याकडे मांस म्हटलं की हात आपोआप आलं-लसूण वाटण, हळद, मीठ यांच्याकडे जातो. लावून अर्धा तास ठेवायचं हे आईने शिकवलेलं, आणि रश्शासाठी ते बरोबरच आहे. पण पॅनमध्ये खरपूस करायच्या कापांना ते ओलं वाटण नको. वाटणातलं पाणी आधी आटतं, मग वाटण करपतं आणि मांस तसंच पांढरं राहतं. मीठही घातक वेळी पडतं. मीठ लागल्यावर पहिली काही मिनिटं मांसातून पाणी बाहेर येतं, नंतर ते खारट पाणी हळूहळू परत आत मुरतं. अर्ध्या तासाच्या आत पॅनमध्ये टाकलं तर नेमकं बाहेर आलेलं पाणी घेऊनच ते पॅनमध्ये उतरतं. म्हणून मीठ एक तर पॅनमध्ये टाकायच्या क्षणी, नाहीतर तास-दीड तास आधी, आणि मग पुन्हा टिपून. मी क्षणीच टाकतो, कारण बुधवारी दीड तास कोणाकडे असतो?

काप तरीही कोरडे लागत असतील तर खायचा सोडा वापरून बघा. पाव किलो मांसाला पाव चमचा सोडा, दोन चमचे पाण्यात विरघळवून पंधरा मिनिटं चोळून ठेवा, मग धुऊन टिपा. सोड्याने मांस पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर येतो. चमचाभर टाकलात तर साबणाची चव येईल, तेव्हा हात आखडता घ्या.

पॅनमध्ये गर्दी

माझा बिडाचा पॅन २४ सेंटिमीटरचा आहे. त्यात कापांमध्ये थोडी जागा ठेवून मांडले तर २०० ग्रॅम मावतात. ४०० ग्रॅम म्हणजे दोन खेपा. व्हिडिओवाला मोठ्या पॅनमध्ये, मोठ्या ज्योतीवर करत होता. घरच्या शेगडीच्या लहान बर्नरवर तेवढाच माल ओतला तर तो तापमान सावरू शकत नाही. मोठा बर्नर वापरा, दोन खेपा करा. खेपेला तीन मिनिटं लागतात, म्हणजे सहा मिनिटांचा सौदा आहे.

पॅन किती तापला ते पाण्याच्या थेंबाने बघतो. थेंब जागेवरच बुडबुडून जात असेल तर अजून वेळ आहे. मोत्यासारखा घरंगळत पळायला लागला की तेल घालायचं आणि लगेच काप मांडायचे. ही परीक्षा बिडाच्या किंवा जाड स्टीलच्या पॅनसाठी. नॉनस्टिक रिकामा एवढा तापवू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो. नॉनस्टिकच असेल तर तेल आधीच घाला, ते हललं की पातळ लाटा दिसतात तेव्हा मांस टाका, आणि खेपा अजून लहान करा.

काप टाकल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. मला हे सगळ्यात कठीण गेलं, कालथा हातात असला की हात शिवशिवतो. सारखं ढवळलं की प्रत्येक तुकडा पॅनच्या कमी तापलेल्या भागात सरकतो आणि पाणी सोडतो. खाली रंग धरला की तुकडा आपोआप सुटतो. चिकटून बसला असेल तर त्याचं अजून झालेलं नाही, ओढू नका.

पाण्याला कामाला लावायचं

इथवर वाचून असं वाटेल की पाणी हा शत्रू आहे आणि मशरूम वेगळी कोरडी करून घ्यावीत. मीही काही आठवडे तेच केलं. मशरूम आधी परतायची, बाजूला काढायची, मग मांस. चालतं ते. पण मांसाच्या दोन खेपा निघाल्यावर पॅनच्या तळाला एक तपकिरी थर धरतो. खरी चव त्यात असते, आणि तो सोडवायला पाणी लागतं. मग एकदा क्रम उलटा केला.

मांस दोन्ही बाजूंनी तांबूस झालं की ताटलीत काढा. आतून ते अजून कच्चं असेल, असू द्या, पण ताटली अर्धा तास ओट्यावर विसरू नका आणि कच्चं मांस ठेवलेली ताटली याला वापरू नका. आता त्याच पॅनमध्ये, उरलेल्या चरबीत, दोन पाकिटं मशरूम. बारीक काप नकोत, एकेकाचे चार तुकडे. वर चिमूटभर मीठ आणि झाकण. दोन-तीन मिनिटांत मशरूम पाणी सोडतात. झाकण काढा आणि लाकडी कालथ्याने तळ खरवडा. तो सगळा तपकिरी थर त्यांच्या पाण्यात विरघळतो आणि पाणी चॉकलेटी होतं. आधी जे पाणी मला नको होतं, तेच आता माझं भांडं घासतंय आणि चव गोळा करतंय.

मसालाही इथेच घालायचा. मी घरचा बॉटल मसाला सपाट चमचाभर टाकतो. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला असतो तो, आधीच भाजलेला, त्यामुळे नुसत्या गरम चरबीत पडला की क्षणात करपून कडू होतो. पाणी असताना घातला की करपत नाही आणि फुलतो. तुमच्याकडे हा मसाला नसेल तर मिरी आणि थोडी लाल मिरचीपूड पुरे. गरम मसाला फार घालू नका, मशरूमची चव त्याखाली पार दबते.

मग आच मोठी करून आटवा. पाणी संपलं की आवाज पुन्हा चर्र असा चढतो आणि मशरूम चरबीत परतायला लागतात. त्यांना रंग येऊ द्या, चार-पाच मिनिटं. जास्त शिजतील अशी भीती नको. भाज्या लगदा होतात तसा मशरूमचा होत नाही, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. खेकड्याच्या कवचात असतं तेच. ते उष्णतेने विरघळत नाही. मशरूम दहा मिनिटं परतली काय आणि वीस काय, चावायला साधारण तशीच लागतात.

रंग आला की उभा चिरलेला कांदा, तो मऊ झाला की ठेचलेला लसूण अर्धं मिनिट, आणि मग मांस, ताटलीत साठलेल्या रसासकट. झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं. शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि कांद्याची पात. व्हिनेगर बिडाच्या पॅनमध्ये शिजवत ठेवू नका, लोखंडाची चव उतरते. गॅस बंद केल्यावर टाकायचं आणि लगेच वाढायचं.

एकच पॅन म्हणजे सगळं एकदम, असा मी अर्थ काढला होता. पॅन एकच राहतो, पण आत जाणाऱ्यांनी रांगेत यायचं.

मशरूम धुण्याबद्दल घराघरांत भांडणं होतात म्हणून सांगतो. नळाखाली पटकन धुऊन पुसली तर फार पाणी पीत नाहीत. वाडग्यात बुडवून ठेवली, किंवा चिरून मग धुतली, तर मात्र पितात. पाकिटावरचा प्लॅस्टिकचा कागद फ्रीजमध्ये आतून घामेजतो, त्यामुळे घरी आल्यावर मशरूम कागदी पिशवीत काढून ठेवा. एक-दोन दिवसांत ती थोडी सुकतात, टोपीखालचा पडदा उघडून तपकिरी कल्ले दिसायला लागतात. बाजारात अशी बाजूला सारतात, पण या पदार्थाला मला तीच आवडतात, पाणी कमी आणि चव जास्त. चिकट झाली असतील किंवा आंबूस वास येत असेल तर मात्र फेका. पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांवर मांडलेली रानातली अळंबी मिळतात, ती या भानगडीत आणू नका. ओळखीच्या माणसाकडून आणलेली असतील तर त्यांचा साधा रस्सा करा, त्यांना डुकराच्या चरबीची गरज नाही.

तुकडेच चिवट, पाणी असो वा नसो

पाण्याचा बंदोबस्त करूनही मांस चावत नसेल तर दुकानाकडे बघा. रविवारच्या गर्दीत "अर्धा किलो द्या" म्हटलं की जे मिळतं ते मिक्स असतं. थोडा खांदा, थोडी कातडीसकट पोटाकडची पट्टी, एखादं हाड. इंद्याल किंवा सोरपोतेल, म्हणजे आमच्याकडचे सावकाश शिजणारे डुकराचे पदार्थ, करायला हेच हवं. पण खांद्यात आणि पायात जोडणाऱ्या पांढऱ्या ऊती भरपूर असतात. त्या ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिल्या की मऊ, चिकटसर होतात. वीस मिनिटांत त्या फक्त आखडतात. मी दुकानात सांगून बघितलं.

"अंकल, पटकन शिजणारं द्या. पॅनमध्ये परतायचंय."

"मग अंडरकट घे. नाहीतर चापाचं बोनलेस. हे काय घेऊन जातोस दर आठवड्याला?"

एवढं विचारायला मला दोन महिने लागले. अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याच्या आतल्या अंगाचा लांबट, लुसलुशीत स्नायू. एका जनावरात दोनच, त्यामुळे लवकर संपतो आणि महागही असतो. चापाचं बोनलेस, म्हणजे पाठीचं बिनहाडाचं मांस, त्याच्या खालोखाल, आणि कडेला चरबीची पट्टी असेल तर माझ्या मते चवीला वरचढ. मांडीचं चालतं, पण सोडा लावून.

मिक्सच मिळालं असेल, तर कृतीच उलटी करा. इथे गंमत आहे: या मांसात पाणी मुद्दाम घालायचं. चरबी आणि कातडीसकट तुकडे पॅनमध्ये किंवा कढईत ठेवा, बुडतील न बुडतील एवढं पाणी, मीठ, मिरी, तमालपत्र, आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास ते तासभर. मांस मऊ झालं की झाकण काढून पाणी आटू द्या. तोवर चरबी वितळून खाली आलेली असते. पाणी संपलं की तेच तुकडे स्वतःच्या चरबीत तळायला लागतात, तेल घालायचंही काम नाही. कडा कुरकुरीत झाल्या की मांस कडेला सारून मशरूम टाका आणि पुढे वरच्यासारखंच. आजीची रविवारची कढई अशीच चालायची. कातडी असेल तर तळताना ती फुटून उडते, झाकण हातात ठेवा आणि चेहरा लांब. हे वीस मिनिटांत होत नाही हे मान्य, पण भांडं खरोखर एकच लागतं. कुकरमध्ये चार शिट्ट्या करूनही मांस मऊ होतं, फक्त मग घासायला दोन भांडी, आणि बुधवारी भांडी मीच घासतो.

आतून गुलाबी चालतं का?

परदेशातल्या कृतींत पोर्क मधोमध किंचित गुलाबी ठेवतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीचं तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सियसवर आणलं, वर तीन मिनिटं ठेवायची अट घालून. खिम्याला ७१च राहिलं. तो नियम तिथल्या बंदिस्त, तपासणीतून जाणाऱ्या डुक्करपालनाचा आहे. आपल्याकडे जनावर कुठे वाढलं हे आपल्याला दर वेळी माहीत नसतं, म्हणून मी ७१च्या वर नेतो आणि सगळ्यात जाड तुकडा कापून बघतो. अर्धकच्च्या मांसातून फीतकृमी आतड्यात जाऊ शकतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीच्या अंड्यांमुळे. ती दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात, त्यामुळे कधी मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. मांस नीट शिजवायचंच, शिवाय त्याच जेवणातली काकडी-कोथिंबीरही नीट धुवायची.

पूर्ण शिजवलं की मांस कोरडं होणार असं नाही. पातळ कापांना झाकणाखालची ती तीन-चार मिनिटं पुरतात. चिवटपणा येतो तो पाण्यात पंधरा मिनिटं उकळल्यामुळे. ५० अंशांपासून मांसातली प्रथिनं आकसायला लागतात आणि ६५-७० च्या पुढे पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकतात. म्हणून शेवटचा टप्पा छोटा ठेवा आणि झालं की उतरवा.

बाकीच्या बारीकसारीक तक्रारी

तुपकट होतं: मशरूमने पाणी सोडायच्या आधी तेल घालत असाल. कच्ची मशरूम स्पंजासारखं तेल पितात. बसल्यावर, आक्रसल्यावर फार पीत नाहीत. मांसाची चरबी असेल तर वरून तेल घालूच नका.

उग्र वास येतो: जुनी चरबी असेल तर कातडीलगतचा थर काढून टाका. कधी कधी मात्र नराच्या मांसालाच तो वास असतो, गरम झाल्यावर जास्त येतो आणि कितीही व्हिनेगर ओतलं तरी जात नाही. तो स्वयंपाक्याचा दोष नाही. दुकानदाराला सांगा.

मशरूम दुसऱ्या दिवशी गरम करायची नसतात, असं आमच्या शेजारच्या मावशी म्हणतात. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर खुशाल गरम करा, फक्त वाफ येईपर्यंत. पाणी थोडं परत सुटेल, आणि त्यात कालचा भात परतला की दुसरं काही लागत नाही.

चौघांसाठी करायचं असेल तर एका पॅनमध्ये चार खेपा आणि पाऊण तास लागतो. मी एकदा पाहुण्यांसमोर केलं. तिसऱ्या खेपेला पहिली खेप गार झाली होती आणि आई ओट्याशी येऊन गप्प उभी राहिली होती. आता चौघं असतील तर बुधवार नाही, रविवार धरतो, मिक्स आणतो आणि पाणी घालून कढई चढवतो.